नोंद नसलेली आठवण

ज्वारीचं ते पान डॉ. इंद्रायणी टिळेकरांनी उजेडासमोर धरलं. देठापासून टोकापर्यंत ते काळं पडलं होतं. पुण्याच्या धान्यरोग प्रयोगशाळेत तपासलेलं प्रत्येक वाण काळ्या करप्यापुढे असंच नांगी टाकत होतं. करप्याला पुरून उरेल अशी एकच रानज्वारी जगात शिल्लक होती, आणि ती होती केर्वानच्या बीजसंग्रहात.

केर्वान या देशाने बाहेरच्या जगाशी असलेलं जाळं तोडून टाकलं होतं. तिथे बाहेरचा संदेश पोचत नव्हता की बाहेरचा पैसा चालत नव्हता. बियाणं टपालाने पाठवायला त्यांची तयारी नव्हती. प्रत्यक्ष या आणि घेऊन जा, एवढंच त्यांचं उत्तर होतं, आणि तेही कागदावर, चार देश फिरून आलेलं.

तेव्हापासून इंद्रायणी तयारीला लागली होती, आणि या तयारीने तिला करप्याहून जास्त छळलं.

बँकेतल्या बाईंनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, परदेशासाठी आमचं विश्वखातं आहे ना. सगळीकडे चालतं."

"केर्वानमध्ये चालतं?"

"केर्वान सोडून सगळीकडे."

"मला केर्वानलाच जायचंय हो!"

नोटा छापणं तर केव्हाच बंद झालं होतं. सोनं न्यायला इकडे बंदी आणि हिरे न्यायला तिकडे. शेवटी बीजसंग्रहाच्या प्रमुखांनीच कळवलं की शिवणयंत्राच्या सुया घेऊन या, त्यांच्यावर इथे महिनाभर आरामात राहता येईल. मग वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट केलेली इंद्रायणी रविवार पेठेत सुयांची पाकिटं शोधत हिंडली.

पैशांचा प्रश्न एकदाचा सुटला. खरी अडचण पुढेच होती, आणि ती डॉ. मुकुंद शेजवलकरांनी समजावून सांगितली. ते ओळखशास्त्राचे तज्ज्ञ. परतीच्या प्रवाशांची चाचणी त्यांनीच बसवली होती.

"तुमच्या हातातलं कडं काय करतं, ठाऊक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाडी मोजतं, बोलणं ऐकतं. त्यावरून ओळखधारा वाहती ठेवतं."

"बरोबर. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करायला लागली. तेव्हा एकच पुरावा उरला, न तुटलेली धारा. कालची इंद्रायणी आणि आजची इंद्रायणी यांच्यात खंड नाही, म्हणून तुम्ही इंद्रायणी. केर्वानच्या सीमेवर मात्र कडं काढून घेतात. धारा तुटते. परत येणारी बाई तीच आहे कशावरून?"

"मी सांगेन की! माझं घर, माझं शिक्षण..."

"ते सगळं नोंदलेलं आहे. जे नोंदलेलं आहे ते नकली इंद्रायणीलाही पाठ असणार. म्हणून आम्हाला नोंद नसलेली गोष्ट लागते. तुम्ही आणि इथे राहिलेला तुमचा साक्षीदार, दोघांनाच माहीत असलेली एक आठवण. कुठल्याही कड्याने न ऐकलेली. दोघांना वेगवेगळं बसवून यंत्र विचारतं, आणि दोघांचं सांगणं जुळलं पाहिजे. एकदा सांगितली की ती नोंदली गेली, संपली. पुन्हा वापरता येत नाही."

"आणि नाही पटवता आलं तर?"

"तर तुम्ही कोणीच नाही. कोणीच नसलेल्या माणसाचं सामान जाळून टाकतात. बियाणं तर आधी."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, निशिकांतला, हे सांगितलं. तो बांधकाम अभियंता होता, माणूस हसतमुख. "एवढंच ना? आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हव्या तेवढ्या आठवणी आहेत."

ते दोघं आठवायला बसले. महाबळेश्वरची सहल? कडी हातात होती. त्याच्या आईचं आजारपण? इस्पितळात तर भिंतींनाही कान. पहिलं भांडण, पहिलं घर, एकमेकांना लाजत सांगितलेल्या गोष्टी, प्रत्येक वेळी कडं हातात होतं आणि ते ऐकत होतं. तासाभराने निशिकांतने आठवायचं सोडून दिलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं पाहून इंद्रायणीला जास्त चीड आली. कुणावर, ते मात्र तिला कळेना.

"नवी तयार करू," ती म्हणाली. "अंघोळीपुरतं कडं काढता येतं. तेवढ्या वेळात."

कडी घरी ठेवून ते वेताळ टेकडीवर गेले. तिथे फिरायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात कडं. एक आजोबा तर शेजारी येऊन बसले आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलू लागले. घरी भिंतीतलं स्वयंपाकयंत्र ऐकत होतं. शेवटी इंद्रायणीला प्रयोगशाळेतला बियाण्यांचा शीतकक्ष आठवला. जाड पोलादी भिंती, आत कुठलीच लहर शिरत नाही.

कडी बाहेर ठेवून कडाक्याच्या थंडीत दोघं पोत्यांवर बसले. काय करायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून भांडणच झालं. निशिकांत म्हणाला, "दुसरं कोणी जाऊ शकत नाही का?" ती म्हणाली, "तू हे आज विचारतोस?" आणि मग दोघांनी बरंच काही बोलून घेतलं. बाहेर आल्यावर तिला वाटलं, वाईट झालं, पण आठवण तर मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती नोंदणी कार्यालयात गेली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने सांगितलं, "आठवण वापरण्यायोग्य आहे का, याची चाचणी घ्यावी लागेल. थोडक्यात सांगा."

"सांगितली तर ती संपेल ना?"

"हो मॅडम. पण चाचणीशिवाय नोंदणी होत नाही."

"अहो, पण चाचणी केली की नोंदवायला उरतंच काय?"

"ते मला नका विचारू. तुम्ही पात्र आहात की नाही, तेवढं माझ्याकडे."

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि भांडण सांगितलं. पात्रतेचा शिक्का मिळाला आणि आठवण गेली. शेजवलकरांना कळलं तेव्हा त्यांनी हताशपणे चष्मा काढला. "नियम माझा, अंमल त्यांचा," एवढंच ते म्हणाले.

दोघं पुन्हा शीतकक्षात गेले. या खेपेला इंद्रायणीने काहीच नशिबावर सोडलं नाही. निशिकांत दाराजवळच्या पोत्यावर बसेल, जुनं एक गाणं चुकीच्या शब्दांत म्हणेल, ती दुरुस्त करेल, मग एक तिळाचा लाडू दोघं अर्धा अर्धा खातील. तसं त्यांनी केलं आणि सांगायची वाक्यं तिथेच बसून घोकली. बाहेर घोकता आली नसती. ओठ निळे पडेपर्यंत तिने त्याच्याकडून म्हणून घेतलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ती म्हणे, "निशी, पुन्हा पहिल्यापासून." तो मुकाट्याने पहिल्यापासून म्हणे.

ती केर्वानला गेली. सुया कामी आल्या. बीजसंग्रहाच्या वृद्ध प्रमुखांनी रानज्वारीची कणसं स्वतः मळून मूठभर दाणे तिच्या पिशवीत घातले. त्यांच्याशी बोलताना मनगट हलकं लागत होतं, आणि ती उगाचच पुन्हा पुन्हा तिथे हात नेत होती.

परतल्यावर विमानतळावरच तिला काचेच्या खोलीत बसवलं. शेजारच्या खोलीत निशिकांत होता. त्याची दाढी वाढली होती. तिला पाहून त्याने हात वर केला, पण काचेतून आवाज येत नव्हता. बियाण्याची पिशवी अधिकाऱ्यांनी लाल पेटीत ठेवली. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती.

तिने घोकलेलं सगळं बिनचूक सांगितलं. यंत्राने काही क्षण घेतले. पडद्यावर अक्षरं उमटली. 'साक्ष अमान्य.'

"अमान्य? का?" तिचा आवाज चढला. "तो चुकला का?"

शेजवलकर स्वतः आत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "चुकला असता तर बरं झालं असतं. तुमचं दोघांचं निवेदन शब्दाला शब्द जुळलं. दोन माणसांना एकच प्रसंग असा कधी आठवत नाही. अशी जुळणी यंत्रंच करतात. तुम्ही पाठ केलंत?"

"तुम्ही तर म्हणालात जुळलं पाहिजे!"

"प्रसंग जुळला पाहिजे. शब्द नव्हे. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं की ते नोंदलं जातं आणि नकली माणसं मुद्दाम चुकायला शिकतात." त्यांनी लाल पेटीकडे पाहिलं. "एक संधी देता येईल. त्या खोलीत पाठ न केलेलं काही घडलं का? दोघांच्याही समोर?"

इंद्रायणीने डोळे मिटले. गाणं, लाडू, सगळं घोकलेलं. मग तिला निघतानाचं आठवलं.

"निघताना दार अडकलं," ती म्हणाली. "बर्फ धरला असणार. मी मुठीला जोर लावत होते, ते हलेना. निशी मागे उभा राहून हसला. मला राग आला. मग त्यानेच खांद्याने ढकललं."

पलीकडे निशिकांतला प्रश्न विचारला गेला. तो खाली पाहत बोलला. यंत्राने पुन्हा वेळ घेतला. या वेळी अक्षरं उमटली, 'साक्ष मान्य,' आणि त्याखाली दोन्ही निवेदनं. इंद्रायणी त्याचं वाचू लागली.

'दार अडकलं नव्हतं. इंदू मूठ धरून नुसती उभी होती, उघडत नव्हती. मला वाटलं, जायचं रद्द करतेय. वाटलं, आणखी थोडं थांबावं. रडू येईल म्हणून मी हसलो. नाहीतर तिला दिसलं असतं. मग मीच दार ढकललं.'

लाल पेटीतली पिशवी तिच्या हातात देत अधिकाऱ्याने तिच्या मनगटावर नवं कडं चढवलं. हिरवा दिवा लागला. बाहेर निशिकांतने तिची बॅग घेतली, आणि दोघं गाडीत बसले.

विमानतळ मागे पडल्यावर त्याने हळूच विचारलं, "का उघडत नव्हतीस दार?"

तिला उत्तर माहीत होतं. आत्ताच, पडद्यासमोर उभं असताना कळलं होतं. सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मनगटावरचा हिरवा ठिपका दिसला. मूठभर दाणे एका हंगामाच्या प्रयोगांनाच पुरणार होते. पुढच्या वर्षी पुन्हा केर्वानला जावं लागणार होतं, पुन्हा नोंद नसलेली एक गोष्ट लागणार होती.

"आत्ता नाही," ती म्हणाली, आणि निशिकांतला ते समजलं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.