मनगटावरचे चट्टे

मालिकेतल्या इस्पितळात दर आठवड्याला नवा पेशंट यायचा आणि त्याला काय झालंय हे त्या आठवड्याच्या शेवटच्या भागापर्यंत कुणाला कळायचं नाही. या खेपेला तर रोग कोणता ते लेखकाचंही ठरलं नव्हतं. "ताई, कुणी कधी पाहिले नसतील असे चट्टे काढा," एवढं सांगून तो चहाला पसार झाला.

मेकअप करणाऱ्या ताईंना शोधाशोध करावी लागली नाही. तसले चट्टे त्या घरी रोज मलम लावताना बघत होत्या. जांभळट, कडेला पिवळे, नवऱ्याच्या डाव्या मनगटावरून कोपराकडे चढत चाललेले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निदान काही होईना आणि माणूस डोळ्यांदेखत खंगत होता. त्याचं दुखणं रंगवायचं त्यांच्या जिवावर आलं, पण हात आपोआप तेच काढत गेला.

खाटेवर पेशंटबुवा होते. उभी हयात पडद्यावर आजारी पडण्यात घालवलेला प्रेमळ म्हातारा नट. "मी धडधाकट दिसलो तर बायकोसुद्धा ओळखत नाही," म्हणायचे. ताईंच्या घरच्या दुखण्याची विचारपूस करत चाललेल्या त्यांच्या बडबडीत ताईंनी आरशात बघून रंगवलं आणि डाव्याउजव्याचा घोळ झाला. लक्षात येईपर्यंत पहिलं दृश्य चित्रित झालं होतं. आता शेवटपर्यंत उजवाच हात ठेवणं भाग होतं.

संध्याकाळी त्या मलम घेऊन बसल्या. नवऱ्याने उजवा हात पुढे केला. डावा नितळ होता.

"अहो, डावा ना?"

"पहिल्यापासून उजवाच आहे. दमलीस तू," म्हणत त्याने त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बुवांच्या अंगठ्याखाली मुद्दाम एक जास्तीचा ठिपका काढला. घरी तो आधीच येऊन बसला होता.

त्या हबकल्या खऱ्या, पण भीतीपेक्षा आशाच मोठी होती. त्यांनी लेखकाचा पिच्छा पुरवला. "पेशंट बरा करा हो."

"बुवांवर जीव जडला की काय, ताई?"

"तसंच समजा."

अखेर त्याने पेशंट बरा केला. शेवटच्या दृश्यात पेशंट हसत घरी जाणार होता, बाह्या दुमडून, स्वच्छ हातांनी.

त्या सकाळी नवऱ्याचा फोन आला. "अगं, एक डाग नाही हातावर! आणि भूक लागलीय सपाटून." ताईंना रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज त्याच्यासारखा वाटत होता.

तेवढ्यात बुवा आत आले आणि खुर्चीत बसले. जरा दमलेले दिसत होते.

"कालचा रंग पुसायचा राहिला वाटतं."

ताईंनी तो काल स्वतः पुसला होता. त्यांनी कापसावर तेल घेतलं, घासलं. पुन्हा घासलं.

कापूस पांढराच राहिला.

बाहेरून हाक आली. "ताई, झालं का?"

त्यांनी कातडीच्या रंगाची डबी उघडली आणि चट्टे झाकायला घेतले.

"ताई," बुवा हळूच म्हणाले. "घरी बरंय ना आता?"

"हो. बरे झाले ते."

"चला, छान झालं," बुवा मनापासून हसले, आणि अंगठा नीट झाकता यावा म्हणून त्यांनी हात जरा वळवून धरला.