खोडक्यांचा चूकठसा

माणसाला माणूस म्हणून ओळखायचं कशावरून, हा प्रश्न ऋषींनी, तत्त्ववेत्त्यांनी आणि न्यायाधीशांनी हजारो वर्षं चघळला आणि एकविसावं शतक उताराला लागलं तेव्हा तो कायमचा सुटला. सुटला तो परतवाड्यात, तुषारराव खोडक्यांच्या उजव्या अंगठ्यापाशी. उत्तर असं निघालं, की जो तीच चूक त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा करतो, तो माणूस. हे सांगायला डॉ. शाल्मली देवपुजारी नागपूरहून मुद्दाम आल्या होत्या. तुषाररावांच्या पत्नी हर्षदाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आल्या, फोन केला असता तरी सांगितलं असतं.

त्या काळी ‘सातासमुद्र’ नावाचा एक खेळ निम्मं जग खेळत असे. खेळ म्हणायचं ते सवयीने. त्यात लोक जहाजं हाकत, व्यापार करत, आणि त्यावर खऱ्या घरातल्या खऱ्या चुली पेटत. जहाजाला शीड लागतं, वादळात ते फाटतं, मग नवं लागतं. ही शिडं काचेच्या पाटीवर अंगठा फिरवून टाका-टाका घालत शिवावी लागत. तुषारराव शिडं शिवत. परतवाड्याहून समुद्र इतका लांब, की त्यांनी तो उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण त्यांची शिडं सातही समुद्रांवर होती.

अडचण मालाची होती. यंत्रं रात्रंदिवस खेळून ढिगाने शिडं काढत. त्याला ‘यंत्रपीक’ म्हणत. कोणी दुसऱ्याचं खातं पळवून त्याच्या नावाने माल विकत, ते ‘चोरखातं’. दिसायला सगळी शिडं सारखीच. पण खेळाच्या कंपनीला असा माल सापडला, की ती तो जागच्या जागी पुसून टाके. विकणारा तोवर पसार झालेला असे. शीड जाई ते घेणाऱ्याचं, आणि तेही भर समुद्रात. जहाज मालासकट तळाला. होता होता लोक इतके पोळले, की भर बाजारात कोणी कोणाकडून दोरीचा तुकडा घेईना. आवाज आणि चेहरा दाखवून उपयोग नव्हता. ते तर तेव्हा शेंगदाण्याच्या भावाने बनवून मिळत.

मग कंपनीत संशोधन करणाऱ्या शाल्मलीबाईंनी चूकठसा काढला.

“म्हणजे मशीनला चूक करता येत नाही, असं काय?” तुषाररावांनी विचारलं होतं.

“येते ना काका. पण ती विकतची चूक असते,” शाल्मलीबाई म्हणाल्या. “यंत्राला चूक कर म्हटलं, की ते कुठंही करतं. आज इथं, उद्या तिथं, सगळीकडे सारखी वाटून. माणसाची चूक घरची असते. तिला ठरलेली जागा असते, ठरलेली वेळ असते. तुमचा अंगठा थरथरतो. पण प्रत्येक टाक्याला नाही. वळण आलं की आधी अडतो, मग घाईने पुढे जातो, मग आपण घाई केली हे कळून पुन्हा थांबतो. एका शिडात हजारो टाके. त्या सगळ्यांत ही चूक कशी पसरली आहे, तो तुमचा ठसा. तो बोटांच्या ठशासारखा कापून नेता येत नाही, कारण तो बोटात नाही, करण्यात आहे.”

“आणि माझाच कशाला निवडला तुम्ही?”

शाल्मलीबाई जरा संकोचल्या. चाचणीसाठी देशभरातून ठसे गोळा केले होते, त्यांत इतकी स्वच्छ, इतकी एकनिष्ठ चूक दुसरी सापडली नव्हती. जसं पूर्वी मापाचं एक अस्सल वजन तिजोरीत ठेवत आणि बाकीची वजनं त्याच्याशी ताडून पाहत, तसा तुषाररावांचा अंगठा आता ‘प्रमाण चूक’ म्हणून नोंदवून ठेवायचा होता. तुषाररावांनी होकार दिला. त्या दिवशी हर्षदाबाईंनी साखर जरा जास्त घालून शिरा केला. चुकून नव्हे, मुद्दाम.

हा मान म्हाताऱ्याला किती मोलाचा वाटला, हे समजायला त्यांची नोकरी माहीत हवी. तुषाररावांनी आयुष्यभर एका दूध संघात फॅट तपासलं. दूध घालणारे म्हणत, खोडके फॅट कमी लावतो. संघाचे लोक म्हणत, जास्त लावतो. तुषारराव बरोबर लावत, पण हे मत असणारे ते एकटेच होते. आता सत्तरीत पहिल्यांदा, माल उचलण्याआधी लोक ठसा तपासत, हिरवी खूण उमटे, खाली अक्षरं येत: ‘हे शीड तुषार खोडके यांनी स्वतः शिवले आहे.’ आणि तेवढं वाचून अनोळखी माणसं आपलं आख्खं जहाज त्या शिडाच्या भरवशावर वादळात घालत. बेळगावचे तिगडी नावाचे एक गृहस्थ तर दुसऱ्या कोणाचं शीड लावतच नसत. दोघांची कधी भेट नव्हती, पण तिगडी दर खेपेला चार ओळी लिहीत. पाऊस, गुडघे, सुनेचा स्वयंपाक, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘तुमचं शीड वर चढलं की मी निवांत झोपतो बघा.’

दरम्यान चूकठशाने देशाचं हळूहळू भलतंच काही केलं. ज्याची चूक पक्की, त्याचा माल खपे. मग चूक जपणं आलं. टंकलेखनाचे वर्ग ओस पडले. तोतरेपणावर इलाज करणारे डॉक्टर स्वतः शिडं शिवू लागले. आई मुलांना सांगू लागली, की अक्षर सुधारलंस तर बघ, पुढे खाशील काय.

अशात खोडक्यांची मुलगी रेवती बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली.

घरात जो येई त्याच्या हातात बाळ दिलं जाई. शेजारच्यांच्या, दूधवाल्याच्या, एकदा तर मीटर तपासायला आलेल्या माणसाच्या सुद्धा. तुषाररावांची पाळी आली की रेवती म्हणे, “बाबा, आधी बसा. पाठीला उशी घ्या.” मग त्यांच्या मांडीवर बाळ ठेवी आणि खालचा आपला हात काढत नसे. तिचा हात बाळाच्या खाली आणि आपला हात तिच्या हाताच्या खाली, म्हणजे आपण नेमकं कोणाला धरून राहिलो, हे तुषाररावांना कळत नसे.

थरथरीवर उपाय होता. मेंदूतल्या मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेवर बाहेरून ध्वनिलहरी एकवटायच्या. ना चीर, ना टाका. सकाळी नागपूरला जायचं, संध्याकाळी परत. हर्षदाबाई वर्षभर मागे लागल्या होत्या. तुषारराव टाळत होते.

“तुमच्या त्या तिगडींना झोप लागावी म्हणून आपण नातीला हातात घ्यायचं नाही, असं कुठं लिहून राहिलं काय?” एकदा हर्षदाबाईंनी विचारलं.

तुषाररावांनी शाल्मलीबाईंना फोन लावला. हात बरा झाला तर चूक बदलेल काय, असं त्यांनी विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. चूक बदलली, की तपासणीला वाटणार खातं दुसऱ्याच्या हातात गेलं. चोरखातं.

“मग त्याला सांगा ना बाप्पा, हात माझाच आहे म्हणून. फक्त बरा झाला.”

“काका, प्रत्येक चोर नेमकं हेच सांगतो,” शाल्मलीबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, “बिघाड आम्ही धरला होता. म्हातारपणी हात आणखी बिघडतो, त्याची सोय आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस सुधारतो, हे आम्ही धरलंच नव्हतं.”

तुषाररावांनी दोन दिवस एकही टाका घातला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिगडींना शेवटचं शीड पाठवलं. सोबत लिहिलं, की थोड्या उपचारासाठी जातो आहे, काळजी नसावी. मग ते नागपूरला गेले.

परत आले तेव्हा रेवती दारातच बाळ घेऊन उभी होती. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि समोर धरले. ते हात भिंतीवरच्या खुंटीसारखे स्थिर होते. रेवतीने बाळ दिलं आणि आपला हात काढून घेतला. बाळाने आजोबांकडे पाहून जांभई दिली. हर्षदाबाई आत निघून गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत राहिल्या.

आठवड्याने तुषाररावांनी नवं शीड शिवलं. इतकं सरळ, इतकं देखणं शीड त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं. लाल खूण उमटली. दुसरं शिवलं, लाल. मग त्यांनी अंगठा मुद्दाम थरथरवला. वळणाशी अडले, घाई केली, थांबले. सगळं आठवत होतं, तसंच केलं. लाल. हर्षदाबाईंनी मदत म्हणून कोपर धरून हलवलं. एकदा तर कपडे पिळत असलेल्या वॉशिंग मशीनवर हात टेकवून त्यांनी आख्खं शीड पुरं केलं. या वेळी खुणेखाली अक्षरंही आली: ‘यंत्रपीक.’ तपासणी चोख होती, हे मान्य करावं लागेल. स्वतःची नक्कल माणसाला येत नाही. ती करायला दुसराच कोणी लागतो.

खात्यावर ‘चोरखातं’ असा शिक्का बसला. त्यानंतर तिगडींचा निरोप आला. तुषाररावांनी तो उभ्यानेच वाचायला घेतला आणि मग बसले.

‘खातं चोरलास ते चोरलास, मी काय पोलीस नव्हे. पण शेवटच्या शिडाबरोबर खोडके उपचाराला जातो म्हणाले होते. ते बरे आहेत काय, एवढं सांग. माणूस फार सरळ होता रे. त्याला त्रास दिला नाहीस ना?’

तुषाररावांनी लिहिलं, की मीच खोडके, मी बरा आहे, अगदी बरा आहे, तेच तर झालं आहे. त्यांनी तिगडींच्या गुडघ्यांचं लिहिलं, सुनेच्या स्वयंपाकाचं लिहिलं. उत्तर लगेच आलं. ‘त्यांची पत्रंसुद्धा वाचलास होय. लाज वाटू दे.’ त्यापुढे तिगडींनी काही लिहिलं नाही.

महिन्याभराने शाल्मलीबाई स्वतः आल्या. या खेपेला त्यांनी सोबत काही यंत्र आणलं नव्हतं. पाण्याचा पेला तसाच ठेवून त्या जमिनीकडे पाहत राहिल्या, तेव्हा तुषाररावांनाच त्यांची कीव आली आणि त्यांनी ट्रेनिंगला आलेल्या पोरीला विचारावं तसं विचारलं, काय बिघडलं.

बिघडलं काहीच नव्हतं. तिजोरीतली प्रमाण चूक कंपनीने वापरायला काढली होती. कायद्याने ती कंपनीची होती. तुषाररावांनी होकार दिला तेव्हा सही केली होती. त्या नोंदीवरून यंत्र आता शिडं शिवत होतं. अंगठा वळणाशी अडतो, घाई करतो, थांबतो. तपासणीत ठसा कशाशी ताडायचा? त्याच नोंदीशी. बाईंनी तुषाररावांचीच पाटी उचलली आणि त्यावर एक शीड काढून पुढे केलं. हिरवी खूण. ‘हे शीड तुषार खोडके यांनी स्वतः शिवले आहे.’

“मी विरोध केला होता, काका. ते म्हणाले, यात खोटं काय आहे? चूक तर त्यांचीच आहे.”

तुषाररावांनी शीड मोठं करून पाहिलं. वळणापाशी ते बराच वेळ थांबले. शिवणारे ते स्वतःच होते. दुसरं कोणी असूच शकत नव्हतं. त्यांना तो अंगठा ओळखीचा वाटला आणि जरा दयाही आली.

“तिगडींनी घेतलं काय?” त्यांनी विचारलं.

शाल्मलीबाईंनी मान हलवली. घेतलं होतं. खाली चार ओळीही होत्या, त्यांनी त्या दाखवल्या. ‘सापडलात एकदाचे! मधे कोणी भामटा तुमच्या नावाने लिहीत होता. मी चांगला झाडला त्याला. आता उपचार वगैरे पुरे. आहात तसेच राहा. काल तुमचं शीड चढवलं आणि निवांत झोपलो बघा.’

शाल्मलीबाई म्हणाल्या, की त्या वर लिहितील, राजीनामा देतील, वर्तमानपत्रांत मांडतील. माणूस आणि त्याची नोंद यांत अस्सल कोण, हा प्रश्न साऱ्या मानवजातीचा आहे. तुषारराव म्हणाले, की राहू द्या. कळवलं तर तिगडींची झोप जाईल. आणि शीड तर ठीकच आहे, फाटणार नाही.

पलंगावर बाळाचं झबलं उलटं करून हर्षदाबाई केव्हाच्या खटपट करत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नवऱ्याकडे हात पुढे केला.

“रिकामेच बसले आहात, तर एवढा सुईत दोरा ओवून द्या. मला मेलं दिसून नाही राहिलं.”