कपाटातला शुक्रवारचा दिवा

शुक्रवारची तिन्हीसांज. दारावर धाडधाड थापा पडल्या आणि मोझेल किहिमकरच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आले... शेवटी आलेच!

पंधरा दिवसांपूर्वी दाराखालून चिठ्ठी सरकली होती – ‘ज्यू लोकांनो, चालते व्हा.’ लांबच्या लढाईचा राग सिडकोतल्या या एकट्या बेने इस्रायल – मराठी ज्यू – मुलीच्या उंबऱ्याशी आला होता. तेव्हापासून शब्बाथचा, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या पवित्र दिवसाचा, दिवा ती खिडकीत नव्हे, कपाटात लावायची. महिनाअखेरीला मामाचा टेम्पो येणार होता, तिला कायमचं ठाण्याला न्यायला.

“अहो, धूर येतोय! उघडा की!”

आवाज वरच्या मजल्यावरच्या सम्यकचा. चितेगावच्या कारखान्यात जाणारा, जिन्यात भेटला की मान खाली घालून हसणारा. तिनं कडी काढली. कपाटातली साडी पेटली होती. सम्यकनं ती ओढून पायाखाली विझवली, मग दिव्याकडं वळला.

“तो नको... शब्बाथचा दिवा विझवायचा नसतो. उद्या सांजेपर्यंत मला त्याला हातही लावता येत नाही.”

त्यानं दिवा अलगद उचलून टेबलावर ठेवला.

“देवाला कोंडून ठेवलं व्हय तुम्ही?”

ती हसायला गेली अन् रडली. चिठ्ठी दाखवली. झोप नाही, छातीत सारखी धडधड. ज्यू समाजाच्या समुपदेशक रेमाताई दर बुधवारी फोनवर श्वास मोजायला लावत, पण तिचे आकडेच चुकत.

“आमच्या आज्याच्या दारावर पण गावानं असलंच लिहिलं होतं,” सम्यक म्हणाला. “भ्यायचं, पण एकट्यानं नाय, म्हणायचा. घ्या श्वास, मी मोजतो. एक... दोन...”

दोनवरच तो थांबला. “तुम्ही का श्वास रोखलात?”

“तुम्ही बघत होता ना... म्हणून.”

पुढचे तीन शुक्रवार तो आला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. चौथ्या शुक्रवारी मात्र तो दारातच थबकला. बांधलेली खोकी बघत राहिला.

“मोझेल, मला लई भ्या वाटतंय.”

“तुला? कुणाचं?”

“परवाच्या टेम्पोचं... तू गेलीस तर मी इथं काय करू?”

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. ती दचकली, पण कडीकडं धावली नाही. तिनं त्याची बाही घट्ट धरली. पावलं पुढं निघून गेली... बाही तिनं सोडली नाही.

सूर्य बुडून शब्बाथ लागायच्या आत, दुसऱ्या हातानं तिनं फोन लावला.

“मामा, टेम्पो नका पाठवू... नाही, भीती गेली नाही... एकटी? नाही ओ मामा.” तिनं सम्यककडं पाहिलं. “व्हय... आहे इथं कुणीतरी.”