शरयूची बाजू

बस नाल्याच्या काठावर येऊन जी थांबली, ती थांबलीच. फुलसावंगीहून महागावला निघालेली बस, साल चौसष्ट, महिना भादवा. पाऊस असा कोसळत होता की नाल्यातून एक म्हैस, एक बाज आणि त्या बाजेवर बसलेला कोंबडा वाहत जाताना मी स्वतः पाहिला. कोंबडा आरवतही होता. हे खोटं वाटत असेल तर पुढचंही वाटेल, तेव्हा काय ते इथेच ठरवून टाका.

"उतरा सारे," कंडक्टर म्हणाला. "पाणी उतरेपर्यंत तांड्यात जाऊन बसा."

मी उतरले ती थेट चिखलात. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पदराखाली धरलेली कादंबरी... पाय घसरणार तोच समोरून एक छत्री आली. छत्रीखाली कोरडं असं काहीच नव्हतं. भिजलेला सदरा, भिजलेला चष्मा, आणि चष्म्यामागे – असू दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"ट्रंक द्या इकडं," तो म्हणाला.

"आधी पुस्तक," मी म्हणाले. "ट्रंक भिजली तरी चालेल."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली, छत्री पुस्तकावर धरली, आणि आम्ही दोघंही भिजत निघालो. पुस्तक मात्र राजासारखं कोरडं!

तो देवसिंग चव्हाण, तांड्याच्या शाळेचा मास्तर. घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवताच त्यानं आईला गोर बोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, हाक दिली, "याडी, शहरातली बाहुली आणली बघ. आपली भाकर हिला तोडता येईल का, कोण जाणे!"

आता गंमत अशी, की मीही तांड्याचीच. फुलसावंगीपलीकडच्या लखीराम राठोडांची गंगी. पण नागपूरला एम. ए. करता करता अंगावर निळ्या काठाचं सुती पातळ आलं होतं, आणि तोंडी अशी मराठी, की बघणाऱ्याला वाटावं मी धंतोलीतच जन्मले. तेव्हाच बोलून मोकळी झाले असते. पण बाहुली? म्हटलं, थांब मास्तर.

त्याची आई रुपीबाई मला अंबाडीची भाजी वाढत होती. तिची नजर माझ्या मनगटावर गेली. तिथे गोंदण होतं, आमच्यातच गोंदतात तसं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच ओठांवर बोट ठेवलं. रुपीबाईनं भाकरीवर ठेच्याचा आणखी एक गोळा टाकला आणि मुकाट्यानं चुलीकडे वळली.

नागपूरला गेल्या गेल्या मला वर्गापुढे आधुनिक कादंबरीवर बोलायचं होतं, म्हणून दुपारी शाळेच्या ओसरीत वाचत बसले. अडकलेले प्रवासी जमले, मग बायका, मग म्हातारे. शेवटी तांड्याचे प्रमुख भीमसिंग नायक स्वतः आले.

"काय वाचून राह्यली, पोरी? आमालेही ऐकू दे."

मी मोठ्यानं वाचायचं, देवसिंगनं आमच्या बोलीत सांगायचं, असं ठरलं. मला धाकधूक. कादंबरीत घडत काहीच नाही. माधव नावाचा माणूस खिडकीशी बसतो. शेजारची शरयू त्याला आवडते. तो बोलत नाही, नुसता विचार करतो. वाटलं, दहा ओळींत उठून जातील सारे.

"थांब थांब," नायक म्हणाले. "हे त्या माधवनं सांगतलं कोणाले?"

"कोणालाच नाही. मनात म्हणाला."

"मनातलं? मंग लिहिणाऱ्याले कसं समजलं?"

वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. आमच्या सरांनी हेच अख्खं सत्र शिकवलं होतं, मी वहीभर उतरवूनही घेतलं होतं, पण अंगावर काटा आला तो तिथे. न बोललेलं छापून आलंय... एका माणसाच्या काळजातलं, ज्याला कोणी पाहिलं नाही, जो कधी जन्मलाच नाही! एक म्हातारा पुढे आला आणि झोपलेल्या लेकराच्या गालाला लावावं तसं त्यानं पानाला बोट लावलं.

मी पुढे वाचलं, "शरयू खिडकीशी उभी होती."

देवसिंग सांगू लागला. शरयू उभी होती. निळ्या काठाचं पातळ. वेणीतून पाणी ठिबकत होतं. हसायची नाही, पण हसू आवरताना डाव्या गालाला खळी पडायची...

मी पान उलटून पाहिलं. पुस्तकात वेणी नव्हती. पाणी नव्हतं. खळीचा तर पत्ताच नव्हता! माझा डावा गाल मात्र तापला.

"मास्तर," मी साळसूदपणे विचारलं, "एका ओळीला एवढं?"

"आमच्या बोलीत... जरा इस्तारानं सांगा लागते."

"असं होय!"

रुपीबाईनं ओढणी तोंडात कोंबली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. मी वाचलं, "माधवने दिवा लावला." देवसिंगनं सांगितलं, माधव म्हणतो, देवा, या नाल्याचं पाणी उतरू देऊ नको. पुस्तकातला माधव पुण्यात राहत होता. नाला कुठला!

त्या संध्याकाळी तो माझ्याशी मराठीत बोलला. पुस्तकाआडून सांगितलेलं झाकून, नीट, अंतर राखून.

"एम. ए. झाल्यावर काय करसान?"

"होईल की नाही, कोण जाणे. पुसदच्या ठेकेदाराकडून मागणी आलीय. सून शिकलेली नको म्हणतात, शिकायचं थांबवा म्हणतात. दसऱ्याला बापू होकार देणार."

"अन् तुमी?"

"बापू म्हणाले, मनात कोणी असेल तर तोंडानं सांग, नाही तर मी हो म्हणतो."

"मंग... हाय का कोणी?"

"असला तर आधी त्यानं बोलावं ना!"

त्यानं चष्मा काढला. पुसला. परत पुसला. आता सांगते त्या डोळ्यांचं... त्यात सगळं लिहिलेलं होतं, अगदी ठळक टायपात. पण तोंडातून अक्षर नाही. माधवच शेवटी!

सकाळी पाणी उतरलं. बसनं हॉर्न दिला, तेव्हा मी घाईघाईनं शेवटचं पान वाचत होते. माधव शरयूच्या दाराशी येतो. वाजवायला हात उचलतो. कादंबरी संपते.

"संपते म्हणजे?" नायक कडाडले. "दार वाजवलं का नाही त्यानं?"

"सर म्हणतात, ते वाचकानं ठरवायचं."

"मंग वाचक कोण? आमीच ना? बसा सारे! निकाल लागल्याबिगर बस हलत नाही."

आणि बस हलली नाही. कंडक्टरसुद्धा येऊन बसला. म्हणाला, मलेही मालूम व्हायले पाह्यजे. नायकांची रीत अशी, की गैरहजर माणसाची बाजू कोणी तरी उभं राहून मांडायची. माधवच्या बाजूनं देवसिंगला उभं केलं.

"बोल माधव, काहून मुका राह्यला?"

देवसिंगनं मान खाली घातली आणि आमच्या बोलीत, मला कळणार नाही या भरवशावर, बोलू लागला. "नायक, ती शहरातली, शिकलेली. मी तांड्याचा मास्तर. तिला माझी बोलीही समजत नाही. समजत असती तर... दोन दिवस मी पुस्तकातलं कमी आणि माझंच जास्त सांगत होतो."

पत्र्यावरून शेवटचे थेंब गळत होते. सारा तांडा माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या छातीत ठोके असे, की वाटलं बसचं इंजिनच चालू झालं! पुस्तकाबाहेर, माझ्यासमोर, एका माणसाचं मन उघडं झालं होतं. ते माझ्यासाठीच होतं, आणि मला ते वाचता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"आता शरयूची बाजू," नायक आमच्या बोलीतच म्हणाले.

देवसिंग मराठीत समजावू लागला, "ते इचारतात की–"

मी पुस्तक मिटलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं रुपीबाईकडे, आणि आमच्याच बोलीत म्हणाले, "याडी, तुझ्या लेकाला सांग. भाकर मला तोडता येते. थापताही येते. आणि दसऱ्याच्या आत याला माझ्या बापूकडे पाठव."

देवसिंगचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्यानं सावरलाही नाही.

"गोत कोणतं, पोरी?" नायकांनी हळूच विचारलं.

"राठोड."

"हा चव्हाण. गोत वेगळं, जमते!" नायकांनी मांडीवर थाप मारली. "निकाल. माधवनं दार वाजवलं. हलवा बस!"

नागपूरला वर्गात सरांनी विचारलं, या शेवटाबद्दल काय वाटतं? मी म्हणाले, तो दार वाजवतो, सर. आधार काय, म्हणाले. म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा.

नवरात्रात मी घरी होते. लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. तांड्याच्या वाटेवरून एक छत्री येताना दिसली. उघडलेली. तिच्याखाली देवसिंग, दोन्ही हातांनी दांडा धरून.

बापूंचं दार सताड उघडं होतं. आत बापू समोरच बसलेले, त्याच्याकडेच बघत.

तरी त्यानं वाजवलं.