विमानातला वाढपी

तलवाड्याच्या त्या लग्नात बुंदीची बादली घेऊन जो पोरगा पंगतीत वाकत वाकत येत होता, त्याला बघून आरोहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो. काल विमानात गळ्यात टाय आणि छातीवर 'अभि' अशी पाटी. आज बाह्या सारलेल्या, कपाळाला गंध, आणि तोंड तर असं सुटलेलं —

"घ्या की ओ मामा, लाजताव काय? सिदू, मागं भात आन बे. आजी, एकानं काय होतंय, घ्या..."

मराठी. तीही अस्सल गेवराईकडची. आरोही बघतच राहिली.

काल ती आईला घेऊन हैदराबादहून संभाजीनगरला आली. आरोहीची नोकरी हैदराबादला. आई, वत्सलाबाई, लेकीकडे राहून घाटनांदूरला परत निघालेली. वाटेत आरोहीच्या मैत्रिणीचं, स्वप्नालीचं, लग्न. आईचा पहिलाच विमानप्रवास, आणि मेल्या जागा मिळाल्या त्याही वेगवेगळ्या ओळींत. विमान वर चढलं तसे आईचे कान गच्च झाले, घशाला कोरड पडली. तिनं या साहेबाला हाक मारली, "लेकरा, जरा पानी देतूस का? घसा लई सुकलाय."

"सॉरी मॅम. हिंदी ऑर इंग्लिश प्लीज."

आईनं घसा दाखवला, ओंजळ तोंडाला लावून दाखवली. एवढ्यावर दगडालाही कळलं असतं. हा मात्र "आफ्टर सम टाइम" म्हणून जो गेला तो गेलाच. मागच्या ओळीतून आरोहीनं बटण दाबलं. तो आला, वरचा दिवा बंद केला आणि काय हवंय हे न विचारताच निघून गेला. पुन्हा दाबलं, तर त्याच्यासोबतची बाई आली आणि कपाळाला आठ्या घालून, काही न ऐकताच परत गेली. पाणी आईला मिळालं ते जमिनीवर उतरल्यावर.

बरं, पाण्याचंही एक वेळ सोडा. एसटीत चढली की कंडक्टरच्या सासुरवाडीपर्यंतची माहिती काढणारी ही बाई कालपासून गप्प झाली होती. "माझं बोलनं खेडवळ हाय गं. लोकांना समजत न्हाई. तूच बोलत जा." एवढंच म्हणाली. तिकीट आरोहीनं मागितलं, मांडव कुठं ते आरोहीनं विचारलं. पंगतीतही आई मान खाली घालून बसलेली. आपली बडबडी आई आपण विमानातच हरवून आलो, अशी धास्ती आरोहीला बसली होती.

बादली पुढ्यात आली. "घ्या, बुंदी—"

आरोहीनं पत्रावळीवर हात आडवा धरला. "सॉरी सर. हिंदी ऑर इंग्लिश प्लीज."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग शेजारी आईकडे... आणि त्याचा चेहरा खाडकन उतरला.

"काल मराठी येत नव्हती. एका दिवसात शिकलात?"

"येत होती," तो हळूच म्हणाला. "समदं कळालतं मला."

"मग कावून केलं असं?" रागात आरोहीची शहरी भाषाही गळून पडली.

"तिथं आपलं बोलनं आईकलं की सोबतचे हसत्यात. नकला करत्यात. म्हनून मराठी येतच न्हाई, असं सांगून टाकलं मी."

"तुम्हाला कुणी हसू नये म्हणून माझी आई मुकी झाली. बघा तिच्याकडे."

"अवो, हळू... लोकं बघत्यात."

"बघू द्या. तिला खरं सांगा, न्हाई तर मी ह्या ताटावरून उठते."

पाहुणी उपाशी उठली तर घराची अब्रू जाते. हा नवरीचा चुलतभाऊ, आणि तिकडून त्याचे वडील, आश्रुबा, मान उंच करून बघायला लागलेले. पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. आरोहीच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे बघत होता. त्यानं बादली खाली ठेवली आणि आईसमोर मांडी घालून बसला.

"मावशी, काल तुमी पानी मागितलं, ते मला कळालतं. मी येड पांघरून पेडगावला गेलतो. तुमचं बोलनं चांगलंच हाय. लाज मला वाटली, माझ्याच बोलीची. चुकलं माझं."

आईनं मान वर केली. त्याला नीट न्याहाळलं.

"कुनाचा रं तू?"

"आश्रुबाचा. अभिमन्यू."

"आन् माय कुठली तुझी?"

झालं. धरण फुटलं. माय कुठली, मामा काय करतो, विमानात जेवायला काय देतात, आईबाप एकटे राहतात का, सगळं विचारून झालं. वर "जाऊ दे, लेकराचं चुकतंच," म्हणून त्याच्याच हातची बुंदी दोनदा घेतली. आरोहीनं कपाळावर हात मारला. आपण रक्त आटवून भांडायचं आणि हिनं दोन वाक्यांत माफ करायचं. पण आई बोलत होती... आणि आरोहीला हसावं की रडावं ते कळेना.

जेवणं झाल्यावर ती ड्रमापाशी हात धूत होती, तर हा तांब्या घेऊन हजर.

"पानी घालू?"

"घाला. आज फारच सेवा चाललीय."

"तुमी तक्रार करनार का कंपनीत?"

"करणार. आईनं माफ केलं असेल, मी नाही."

"करा. खरं हाय ते लिवा." पाणी तिच्या हातावरून वाहून नुसतंच मातीत जात होतं. "पर एक सांगू? मला आजवर असं तोंडावर कुनी बोललं न्हाई. आन् तुमी बोलत होता तर... मला वाटत होतं, आजून बोलावं."

आरोहीनं नजर दुसरीकडे वळवली. तिकडं आई आश्रुबांना गाठून विचारत होती, "पोराचं कुठं जमलंय का हो?" या बाईपुढं काही म्हणजे काही चालत नाही.

"तुमच्या आई लई बोलत्यात," तो हसू दाबत म्हणाला.

"सवय करून घ्या," आरोही बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. मग घाईघाईनं ओले हात ओढणीला पुसून तिनं मोबाइल काढला. "नाव कळलं. नंबर सांगा तुमचा."

"तक्रारीला माझा नंबर कशाला लागतोय?"

"तक्रारीला नाही लागत," आरोही वैतागून म्हणाली. "मला लागतो."