खापरपणजीचं गंगावन

बस, सांगते. दिवा जरा जवळ घे.

काम साधंच होतं, प्रयोगशाळेत पाकीट देऊन यायचं. पाकिटात माझ्या थुंकीची नळी, धाकटीच्या थुंकीची नळी आणि खापरपणजीच्या जुन्या पेटीतलं तिचं गंगावन. गळालेले केस जमवून बाईने ते स्वतःच बनवलं होतं. "केसांना मुळं आहेत, डीएनए मिळेल," तिथला तंत्रज्ञ म्हणाला.

वंशावळ जुळवायचं वेड मला होतंच. पण धाकटीची नळी मी घेतली ती निव्वळ जळून. ती आमच्या रक्ताची नाही. बाबांनी तिला लहानपणी कुठूनसं घरी आणलं आणि तेव्हापासून घरात तिचंच कौतुक. चहा तिच्या हातचा, औषध तिच्या हातचं. मी पोटची असून पाहुणी. निदान खापरपणजी तरी माझी एकटीची आहे, हे मला बाबांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं.

नळी पुढे केली तेव्हा धाकटी हसली. "ताई, राहू दे ना..." म्हणाली, आणि थुंकली.

एका दुपारी वीज गेलेली असताना फोन आला.

"तुमचं नातं जुळलं," तंत्रज्ञ म्हणाला. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

"आणि दुसरी नळी?"

तो घुटमळला. "बाई, काहीतरी घोळ आहे... ती नळी आणि ते केस एकाच बाईचे आहेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरटी! गंगावन काढून आपलेच केस ठेवले असणार! पण पेटीची किल्ली तर कायम माझ्या गळ्यात...

जाब विचारायला मी बाबांच्या खोलीकडे निघाले. बोळात काळोख होता आणि तेलकट, कुबट वास. पेटी उघडल्यावर यायचा तोच. दार लोटलेलं होतं. आत कंगवा चालत होता... सर्र... सर्र...

"पणजी," बाबांचा आवाज आला, लहान मुलासारखा. "थोरलीला कळलं गं..."

"कळू दे," धाकटी म्हणाली. "तिचे केस छान आहेत."

भीतीच्याही आधी मला काय झोंबलं, सांगू? बाबांची पणजी, म्हणजे माझी खापरपणजीसुद्धा तीच. माझ्यासाठी म्हणून तिने काही ठेवलंच नाही.

त्याच पावली मी घर सोडलं. इथे एकटीच राहते, दाराला आतून कडी लावते. हल्ली माझे केस फार गळतात. बघ, इथे विरळ झालेत. पण उशीवर, कंगव्यात, जमिनीवर... एकही सापडत नाही.