बरे न होणारे हात

लेबलांचा गठ्ठा द्यायला तो मलमांच्या त्या छोट्या दुकानात शिरला, तेव्हा पाच मिनिटांत परतायचं असंच त्याच्या मनात होतं. पण काउंटरपलीकडच्या मुलीने गठ्ठ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बघत होती त्याच्या हातांकडे.

"हे काय करून घेतलंत?"

"छापखान्यात असतो. शाई थिनरने धुवावी लागते."

"हातमोजे?"

"उकडतं त्यात."

"बसा," ती म्हणाली, आणि तो मुकाट्याने बसला.

बोटांची पेरं तडकली होती, मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते. तिने त्याच्या कोपराच्या आत थेंबभर मलम लावलं. "उद्या या. इथे लाली आली नाही, तरच हाताला लावीन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दारात हजर.

कोरफडीचा गर, तेलात मुरवलेल्या झेंडूच्या पाकळ्या, थोडं मेण… थंडगार मलम, आणि ते एकेका पेरावर जिरवणारी तिची बोटं. दर तिसऱ्या दिवशी तो यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"मलम गुणाचं आहे," तो म्हणायचा.

"नुसतं मलमच?"

"लावणारीबद्दल अजून मत बनवतोय. घाई कशाला?"

तीन आठवड्यांत चट्टे विरले. ती खुशीत म्हणाली, "आणखी एकदा ये, मग सुट्टी." त्याने मान हलवली, पण जागचा उठला नाही.

त्याच वेळी पोहायला शिकवणारा एक मास्तर आत आला. रुंद खांदे, मोकळं हसू. तलावाच्या पाण्याने त्याच्या मानेमागे पुरळ उठलं होतं. तिने हलक्या हाताने मलम लावलं, तो काहीतरी बोलला, आणि ती खळखळून हसली… आपल्या कुठल्या विनोदावर ती अशी हसली होती? याला एकही आठवेना.

संध्याकाळी छापखान्यात त्याने तिच्या हट्टापायी घालू लागलेले हातमोजे काढून ठेवले, आणि नुसते हात थिनरमध्ये बुडवले.

चट्टे परतले. ती चक्रावली. मेण बदललं, पाकळ्या बदलल्या. त्याच्या फेऱ्या चालूच राहिल्या, आणि तो आतल्या आत सुखावत राहिला. मग एके दिवशी दुकानात फक्त तिची मावशी होती.

"आख्खं पातेलं ओतून दिलं पोरीने," मावशी म्हणाली. "आईने शिकवलेलं मलम. आई गेल्यावर तेवढंच उरलं होतं तिच्याजवळ. आता म्हणते, माझ्या हाताला गुण नाही, पुन्हा करायची नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच मागच्या खोलीत गेला. ती रिकाम्या बरण्या पुसत होती.

"मलमात खोट नव्हती. मीच… रोज हात थिनरमध्ये घालत होतो."

बरणी पुसणारा हात थांबला. "का?"

"बरा झालो असतो, तर यायला निमित्त काय उरलं असतं? आणि तो मास्तर… तू त्याच्या मानेला मलम लावत होतीस."

ती त्याच्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मानेमागे त्यांचा हात पोचत नाही, म्हणून लावते. तुझा तर एक हात दुसऱ्याला पोचत होता ना? तरी महिनाभर मी लावत बसले. का, ते एकदा तरी विचारलंस?"

तिने दाराकडे बोट केलं.

"जा. हात बरे कर. त्याआधी तोंड दाखवू नकोस."

मावशीकडून शेवटची बरणी घेऊन तो गेला. हातमोजे घालून, घामाघूम होत, सोळा दिवस राबला. सतराव्या दिवशी आला, तर मास्तर मान वाकवून बसलेला, आणि ताज्या मलमाचा वास दुकानभर. तिने मुद्दाम सावकाश लावलं, मुद्दाम दोनदा हसली. मास्तर गेल्यावर त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. एकही चट्टा नव्हता.

तिने ते उलटसुलट करून पाहिले… आणि सोडले नाहीत.

"अजून जळजळ होते?"

"होते," तो म्हणाला. "पण हातांची नाही."